दादाचा पाय, माझा टर्बो

गाडी अजून मलकापूरच्या गॅरेजात उभी आहे. दादाला जाऊन दुसरं वर्ष लागलं. वहिनी दर पंधरा दिवसांनी फोन करते, "वन्सं, तेवढी ती गाडी न्या की आवं, मला बघवत न्हाई." मी म्हणते, येते. आणि जात नाही. मी सांगलीत राहते, कुपवाडला माझं लेथ मशिनचं वर्कशॉप आहे, तिथं एक सोडून चार गाड्या मावतील. जागेचा प्रश्न नाही. ती गाडी दिसली की मला माझी लाज वाटते, हा प्रश्न आहे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहून काढते.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मिलिटरीत गाड्यांचा मेकॅनिक होता. बरीच वर्षं बर्फात काढली. एकदा तिकडं त्याच्या उजव्या पायाची बोटं काळीनिळी पडली होती, कापता कापता वाचली. रिटायर होऊन आल्यावर त्यानं मलकापूरला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं. माझं इंजिनियरिंग त्याच्याच पगारावर झालं, आणि झाल्या दिवसापासून मी त्याच्याशी भांडत आले. तो मला 'इंजिनेरबाई' म्हणायचा. कौतुकानंही तेच आणि चिडवायलाही तेच.

त्याच्या वर्गातला एक विट्याचा माणूस कोइमतूरला गलाईचं दुकान चालवतो, सोनं गाळायचं. त्याच्याकडं एक जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार पडून होती. टप उघडणारी, मागच्या चाकांवर चालणारी, बुटकी. इंजिन गेलेलं. त्यानं ती दादाला दिली आणि वर सांगितलं, की आमच्या इथं शर्यतीचा ट्रॅक आहे, ठरावीक दिवशी तिथं साध्या माणसालाही आपली गाडी पळवू देतात. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसतं पळवायचं. ट्रॅक डे म्हणतात त्याला. झालं! दादाच्या डोक्यात किडा शिरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, दुसऱ्यांनी पळवल्या. आता स्वतःची गाडी, स्वतःच्या पायानं, खऱ्या ट्रॅकवर दहा फेऱ्या. बास, एवढंच पाहिजे होतं त्याला.

"दहाच का रं दादा?" मी विचारलं होतं.

"पाच शिकायला, पाच आपल्या."

आता मला माहीत आहे ते आधीच सांगून टाकते. त्याचा उजवा पाय तेव्हा मरत चालला होता. बर्फानं अर्धा मारला होता, उरलेला साखरेनं मारत आणला होता. तळव्याला काही कळत नव्हतं त्याच्या. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या हातातली चावी काढून घेतली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. झाकली मूठ ठेवून तो दहा फेऱ्यांची वाट बघत होता.

दोघांनी मिळून इंजिन उभं केलं. शनिवारी वर्कशॉप बंद केलं की मी मलकापूर गाठायची. इंजिन चालू झालं, गोड चालत होतं, पण ट्रॅकला जोर कमी पडणार हे दिसतच होतं. जोर वाढवायचा तर इंजिनात जास्त हवा कोंबायला पाहिजे, आणि ती कोंबायचे दोन रस्ते आहेत. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन फिरलं की तो फिरला, पाय दाबला की जोर आला, पण तो इंजिनाचाच थोडा जोर खातो. टर्बो फिरतो बाहेर जाणाऱ्या धुरावर, म्हणजे फुकटात. आकडा मोठा देतो. फक्त पाय दाबल्यावर जरा थांबायला लागतं, आणि मग जो जोर येतो तो एकदम धाडकन येतो.

दादा म्हणाला सुपरचार्जर. मी म्हणाले टर्बो. चार महिने भांडलो आम्ही!

मी वही भरून हिशेब मांडले. हवेचा दाब, तापमान, किती जोर वाया जातो, सगळं. दादानं वही बघितली, मिटली आणि म्हणाला, "सुपरचार्जर म्हंजी घरची लक्ष्मी. हाक मारली की वो देती. टर्बो म्हंजी जावई. चारदा बोलवा तवा येणार, आन आला की समदं घर डोक्यावर घेणार."

"कोण वो देतंय म्हणं?" वहिनी आतून ओरडली. आम्ही तिघंही हसलो. मग मी म्हणाले, दादा, जावयाचं सोड, मुद्द्याचं बोल.

"मुद्द्याचंच बोलतुया. पायाला कळाय पायजे गं, कवा किती जोर येतुया ते."

"पायाला काय कळतं? मेंदूला कळतं."

त्यावर तो पाना उचलून गाडीखाली शिरला. मला वाटलं, जिंकले. शेवटी शेवटी तर तो म्हणाला होता, बरं, टर्बोच बसवायचा तर निदान बारका बसव, तो लवकर जागा होतो. मी तेही ऐकलं नाही. मला मोठा आकडा पाहिजे होता. वर्कशॉपमधल्या, कॉलेजातल्या, सगळ्या शहाण्यांना सांगायला.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. गॅरेजातून घराकडं निघालो होतो, दादा पुढं, मी मागं. चालता चालता त्याच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि मागं राहिली. तो तसाच चालत गेला. एक पाय चपलेत, एक पाय खडीवर, चांगली वीस पावलं. मी ती चप्पल उचलून पोट धरून हसले. "आवं फौजी, चप्पल ईसरला की!" त्यानं खाली पायाकडं बघितलं. मग तोही हसला. "म्हातारा झालो गं," म्हणाला. मी इंजिनियर, मशिनचा आवाज बदलला तर दहा फुटांवरून कळतो मला. आणि ही चप्पल मला कळली नाही.

पुढं भांडण इतकं चिघळलं की आम्ही दोन आठवडे बोललो नाही. तेव्हा दादानंच वहिनीकरवी निरोप धाडला, की नाथाचा कौल लावू, देव सांगंल ते करू. आमच्या गावी विट्याच्या अलीकडं नाथाचं देऊळ आहे. आमच्या घरात बोअर कुठं पाडायची, दादानं भरतीला जायचं का, माझं लग्न, सगळं तिथल्या कौलावर ठरलेलं. गुरव देवाच्या मूर्तीवर दोन ओल्या कळ्या चिकटवतो, एक उजवीकडं, एक डावीकडं. गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि एकदा कौल झाला की त्यावर बोलायचं नाही, ही रीत. भावाभावांची वाटण्यांची भांडणं त्या दोन कळ्यांवर मिटलेली मी बघितली आहेत.

माझा देवावर विश्वास बेताचाच. माझ्या दृष्टीनं दगडावरची कळी म्हणजे वजन आणि ओलावा, दुसरं काही नाही. आणि वजन माझ्या हातातली गोष्ट होती. फुलं मी नेते म्हणाले. शेवंतीच्या दोन सारख्या कळ्या निवडल्या, आणि त्यातल्या एकीच्या पोटात बेअरिंगमधला बारीक छर्रा चिमट्यानं खुपसला. पाकळ्या परत मिटवल्या. असं सुबक काम, की माझ्या कुठल्या कारागिराला जमलं नसतं. मला तेव्हा हसूसुद्धा आलं होतं.

देवळात दादा आंघोळ करून, टोपी घालून आला होता. गुरवानं विचारलं, "काय गाऱ्हाणं घालू?"

"टर्बो बसवावा का, म्हणून इचारा," दादा म्हणाला.

"काय बसवायचा?"

"टर्बो."

"देवाला समजंल असं सांगा की आवं."

मग दादानं हात जोडून देवालाच सांगितलं, "नाथा, गाडीच्या धुरावर फिरणारा पंखा असतुया. त्यो बसवावा, असं बारकीचं म्हणणं हाय. माझं म्हणणं येगळं हाय. तुला समदं दिसतंय. तू सांग." तेव्हा मला कळलं नाही. आज ते 'तुला समदं दिसतंय' आठवलं की मी चालू लेथ बंद करते.

छर्रा असलेली कळी मी गुरवाच्या उजव्या हातात दिली, ही उजवीकडं लावा म्हणून. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. उजवी कळी पडली, आणि खालच्या दगडावर टण्ण असा बारीक आवाज झाला. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं अख्ख्या गावानं ऐकलं. पण गुरवानं कळी उचलून ताटात ठेवली, दादानं दंडवत घातलं, आणि बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं. आणा तुमचा टर्बो."

त्यानंतर त्या विषयावर तो चकार शब्द बोलला नाही. बसवताना सगळ्यात जास्त राबला तोच. नंतर रोज सकाळी माळावरच्या रस्त्यावर गाडी घेऊन जायचा, टप उघडी टाकून. मी एकदा शेजारी बसले होते. बोलायला लागले तर म्हणाला, "गप, मला ऐकू दे." तो टर्बोची शीळ ऐकत होता. शीळ चढायला लागली की पाय हलकेच मागं घ्यायचा. मला वाटलं, पठ्ठ्याला आवडायला लागला आवाज! बघ, म्हणत होते की नाही? पाय सांगत नव्हता म्हणून तो कानानं गाडी चालवत होता, आणि मी शेजारी बसून माझ्या टर्बोचं कौतुक करत होते. आपला तो बाब्या.

ट्रकवर गाडी चढवून कोइमतूरला नेली. ट्रॅकवर हेल्मेट सक्तीचं. दादानं ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि तिथल्या माणसाला मोडक्या हिंदीत विचारलं, की हे न घालता चालेल का, निदान कान तरी उघडे राहतील असं काही आहे का? तो माणूस हसला. आमचे गलाईवाले दोस्त हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दादा, येड्यासारखं काय करतोस? लोक बघतायत. घाल मुकाट्यानं." त्यानं घातलं. पट्टा मीच बांधला, चांगला आवळून.

पहिली फेरी हळू मारली. दुसरी जरा बरी. तिसऱ्या फेरीत लांब उजव्या वळणात त्यानं पाय दाबला, काही झालं नाही, म्हणून आणखी दाबला असणार. मग जोर आला. सगळा एकदम. गाडीचं मागलं अंग निसटलं, दोन गिरक्या घेतल्या आणि गाडी खडीत जाऊन रुतली. कुणाला काही लागलं नाही, गाडीलासुद्धा नाही. त्यांनी ओढून आणली. दादानं हेल्मेट काढलं तेव्हा केस घामानं चप्प झाले होते. टायरच्या थप्पीवर बसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "जमंना गं मला. तूच चालव."

"आरं, बस की परत. पहिल्यांदा व्हतंच असं."

"न्हाई. तू चालव. मी बघतो."

आणि मी चालवली! आठ फेऱ्या मारल्या. टर्बो काय पळत होता, काय सांगू. दर फेरीला समोरून जाताना दादा मांडीवर हेल्मेट ठेवून टाळ्या वाजवत होता. परत आल्यावर गॅरेजात येईल त्याला सांगायचा, आमच्या बारकीनं आठ फेऱ्या मारल्या, पोरं बघत राहिली. त्याच्या अडीच फेऱ्यांचं कुणी विचारलं तर म्हणायचा, आपलं वय झालं गड्या. त्या गाडीच्या उजव्या सीटवर तो परत कधी बसला नाही. मी दोन-चारदा आग्रह केला, मग सोडून दिला. मला वाटलं, घाबरला.

वर्षभरानं गॅरेजात त्याच्या उजव्या पायात खिळा घुसला. बुटाच्या तळातून आरपार. तीन दिवस तो तसाच फिरत होता. वहिनीला मोज्याचा वास आला तेव्हा कळलं. मिरजेला दवाखान्यात नेलं तोवर पाय गुडघ्याखाली सुजून काळा पडला होता. डॉक्टरांनी विचारलं, पायाला किती दिवसांपासून कळत नाही? दादानं पलंगाच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं, मग छताकडं.

"चार वर्षं झाली असतील."

चार वर्षं. गाडी येऊन तीन झाली होती. मी तिथंच उभी राहून एकेक गोष्ट मागं मोजत गेले. चप्पल. 'पायाला कळाय पायजे.' उघडी टप. हेल्मेट. मी आवळलेला पट्टा. पाय जाणार हे ऐकून वहिनी रडत होती, आणि मला रडायचं तोंडसुद्धा नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वहिनी डबा आणायला गेली तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. कळी, छर्रा, उजवा हात. एका दमात सांगितलं, मान वर न करता. तो ऐकून घेत राहिला. मग उशीखालचं पाकीट काढलं, त्यातली कागदाची एक बारकी पुडी काढली आणि माझ्या तळहातावर उलटी केली. छर्रा होता.

"दुसऱ्या दिशी नारळ फोडाय गेलो हुतो. गुरवानं हातावर ठिवला. म्हणला, कळीत हे हुतं."

माझं डोकंच फिरलं. दवाखान्यात आहोत हेसुद्धा विसरले. "मग बोलला का न्हाईस रं? माझ्या कानाखाली का न्हाई मारलीस? टर्बो उचलून फेकायचा होता की कृष्णेत!"

"हळू बोल. बाजूचा पेशंट झोपलाय." मग म्हणाला, "तुला समद्या गावापुढं खोटी पाडायची, आन मग मी गाडी पळवायची व्हय? त्या पळवण्यात काय मजा हुती? आन मला वाटलं, जमंल. कान चांगलं हुतं माझं."

मी त्याच्या पायाशी डोकं टेकून रडले. त्याच पायाशी. त्याला ते कळलंही नसेल. वहिनी डबा घेऊन आली आणि तिला वाटलं, मी पायासाठी रडते आहे.

पाय गुडघ्याखाली कापला. नंतर काही दिवसांनी त्यानं मला फोन केला, आवाजात नवल. "आगं, आता समदं कळतंय बघ! अंगठा खाजतुया, बोटांना मुंग्या येत्यात. हुता तवा मुका हुता, गेल्यावर बोलाय लागला." डॉक्टर म्हणाले, होतं असं, नसलेला पाय जाणवतो. मी फोन ठेवला, मलकापूरला गेले आणि टर्बो उतरवायला घेतला. सुपरचार्जर मागवला. तो बसवायची पट्टी, पुली, सगळं माझ्या लेथवर मी स्वतः केलं. कुठल्या कारागिराला हात लावू दिला नाही.

गाडी तयार झाली तेव्हा सकाळी सकाळी मी आणि वहिनीनं मिळून त्याला डाव्या सीटवर बसवलं. बुटकी गाडी, तो जड, वहिनी मला आणि गाडीला दोघांनाही शिव्या घालत होती. पँटीची उजवी नळी दुमडून पिन लावलेली. आम्ही माळावरच्या पाझर तलावाकडं गेलो. तलावाभोवती कच्चा-पक्का रस्ता आहे, एक फेरी दोन-अडीच किलोमीटरची. टप उघडी होती.

"दाब," तो म्हणाला.

मी दाबला. जोर आला, पाय दाबला तेवढाच, दाबला तेव्हाच. पट्ट्याचा बारीक आवाज वर चढला. मी तिरक्या डोळ्यानं बघितलं तर दादाचा उजवा गुडघा खाली जात होता. वळण आलं, माझ्या आधी त्याचा गुडघा वर आला. वळण संपायच्या जरा अलीकडं परत खाली. मी गाडीचं बघणं सोडून त्याच्या गुडघ्याकडं बघून चालवायला लागले. तो जिथं सोडेल तिथं सोडायचं, दाबेल तिथं दाबायचं. माझ्या आठ फेऱ्यांत एकदाही ती गाडी इतकी सरळ गेली नव्हती.

"कळतंय गं," तो म्हणाला. "पायाला समदं कळतंय." डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानाकडं जात होतं त्याच्या, पण तो हसत होता.

पाचव्या फेरीला त्याचा चेहरा ओढला गेला. जखम दुखायला लागली होती. "बास आता," म्हणाला. "पाच झाल्या."

"आजून पाच राहिल्या की दादा."

"त्या मारू की परत. मला जरा बरं वाटू दे."

मी गाडी वळवली. घरी वहिनीनं चहा टाकला होता. त्यानंतर त्याला बरं वाटलंच नाही. साखर, मग किडनी, चार महिन्यांत दादा गेला. शिकायच्या पाच तेवढ्या झाल्या. त्याच्या राहिल्या.